मुतखड्याचं ऑपरेशन करून पेशंट घरी आला, आता कशावर नजर ठेवायची?

मानेवाडाकर
नमस्कार मंडळी. बाबांचं (वय ६६, शुगर आहे) परवा दुर्बिणीने मुतखड्याचं ऑपरेशन झालं. आरआयआरएस म्हणतात त्याला. लघवीच्या वाटेने बारीक, वळणारी दुर्बीण किडनीपर्यंत नेली आणि लेझरने खड्याचा चुरा केला. आत डीजे स्टेंट ठेवला आहे. आज सुट्टी झाली, घरी आणलं.

कार्डावर गोळ्यांची यादी आहे, 'भरपूर पाणी' आहे आणि शेवटी 'त्रास झाल्यास त्वरित संपर्क साधावा'. पण त्रास म्हणजे कोणता? लघवी गुलाबी होते आहे. थोड्या थोड्या वेळाने जावं लागतं. लघवी करताना उजवीकडे कमरेत कळ येते. शेजारचे काका म्हणतात, सगळ्यांनाच होतं. आत्या म्हणते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. घरी हे ज्यांनी निभावलं आहे त्यांनी सांगा: काय सोसायचं, कशासाठी फोन करायचा आणि कशासाठी गाडी काढायची?

धरमपेठी
तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी स्टेंटच्या आहेत. मला पण होत्या, स्टेंट काढला त्या दिवशी गेल्या. आत्याला चहा द्या.

वॉर्डातली ताई
मी नागपुरातच युरोलॉजी वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर आहे. सुट्टीच्या वेळी नातेवाईक औषधांची पिशवी, बिल, गाडी यातच गुंतलेले असतात, त्यामुळे सांगितलेलं अर्धं डोक्यावरून जातं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

स्टेंट ही मऊ नळी आहे. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात, आणि निसटू नये म्हणून दोन्ही टोकं गोल वळलेली. खालचं वेटोळं मूत्राशयाला टोचत राहतं, म्हणून सारखी लघवी लागते, घाई होते, शेवटी जळजळ होते. लघवी करताना मूत्राशय आवळतं तेव्हा थोडी लघवी नळीतून उलटी वर जाते, म्हणून कमरेत कळ. चाललं, जिना चढला की लघवी लाल होते, पडून पाणी प्यायलं की फिकी होते. हे सगळं स्टेंट असेपर्यंत चालू शकतं. फार त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर गोळ्या आहेत. मुकाट्याने सोसायची गरज नाही.

आता गाडी कशासाठी काढायची. सगळ्यात आधी थंडी वाजून ताप. अंग हुडहुडत असेल, दात वाजत असतील तर थर्मामीटर काय म्हणतो याची वाट पाहू नका. पुष्कळ खड्यांच्या आत जंतू दडून असतात, खडा फोडला की ते मोकळे होतात. त्यात दुर्बिणीतून आत पाणी सोडलेलं असतं. त्याच्या दाबाने ते जंतू रक्तात शिरू शकतात. पुढचं सगळं फार वेगाने होतं. बहुतेक वेळा पहिल्या दोनेक दिवसांत होतं, पण स्टेंट आहे तोवर, आणि स्टेंट काढल्यावरही, होऊ शकतं. शुगरच्या पेशंटला धोका जास्त.

हुडहुडी नसेल तर १००.४ च्या वर ताप गेल्याबरोबर फोन. काही डॉक्टर कार्डावर १०१ लिहितात, तुमच्या डॉक्टरांनी जे लिहिलं ते धरा.

दुसरं, लघवीत गाठी पडायला लागल्या, लघवी टोमॅटो सॉससारखी घट्ट लाल झाली, किंवा ओटीपोट फुगलं आहे पण लघवी बाहेरच येत नाही. गाठीने वाट बंद होते. ही पण गाडीचीच वेळ.

तिसरं, दिलेल्या गोळीनेही न थांबणारी कळ आणि सोबत उलट्या. पोटात पाणी ठरत नाही म्हणजे गोळीही ठरत नाही.

गोरेवाडा
ताई, एवढं घाबरवू नका हो. ऑपरेशननंतर थोडा ताप येतोच. माझ्या मेव्हण्याला आला होता, पॅरासिटामॉल दिली, सकाळी उठून पोहे खाल्ले त्याने.

वॉर्डातली ताई
भाऊ, तुमच्या मेव्हण्याचं चांगलं झालं, आनंद आहे. पहिल्या रात्री हलका ताप बऱ्याच जणांना येतो हेही खरं. पण पॅरासिटामॉलने आकडा खाली येतो, जंतू तसेच राहतात. घरचे म्हणतात 'उतरला बाप्पा' आणि झोपतात. म्हणून गोळी द्यायच्या आधी ताप मोजा, वेळ लिहा, फोन करा आणि मग गोळी. त्या कागदाने कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचं काम सोपं होतं.

नवतपा
इथे एक नागपुरी गोष्ट सांगतो, कारण मे महिन्यात हे दरवर्षी दिसतं. पारा ४५ च्या वर, दुपारी कूलरसुद्धा गरम हवा फेकून राहिला, अशात घरात कोणालाही ताप आला की पहिलं निदान ठरलेलं: ऊन लागलं. मग कैरीचं पन्हं, कांद्याचा रस तळपायाला, ओला टॉवेल. आमच्या शेजारच्या आजोबांचं हेच झालं. युआरएसएल, म्हणजे मूत्रनलिकेतला (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीतला) खडा दुर्बिणीने फोडायचं ऑपरेशन, होऊन घरी आले होते. दुपारी ताप, संध्याकाळी थंडी वाजायला लागली, तरी सगळे पन्हंच पाजत होते. ४४ डिग्रीत माणूस गोधडी मागून राहिला, हेच चूक आहे हे त्यांच्या नातवाने ओळखलं. तो कॉलेजातला पोरगा. त्याने सरळ गाडीत घातलं. आत गेल्यावर बीपी खालीच होतं.

उन्हाने माणूस तापतो, सहसा थंडी वाजून कापत नाही. मुतखड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ताप आला तर नागपूरच्या उन्हाला दोष द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, एवढंच मागणं आहे.

मानेवाडाकर
हे वाचून बरं झालं. आमच्याकडे आत्ताच आजीने पन्हं करायला घेतलं आहे. पन्हं देऊ, पण थर्मामीटर उशाशी ठेवतो.

अनामिक_कामठी
माझ्या आईला ताप नव्हताच. मागच्या वर्षी, वय सत्तरीच्या पुढे. दुर्बिणीने मूत्रनलिकेतला खडा काढला, स्टेंट टाकला. दुसऱ्या संध्याकाळी ती काहीतरीच बोलायला लागली. मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. हात गार, श्वास भराभरा, दुपारपासून लघवी जेमतेम. थर्मामीटर ९७. वहिनी म्हणाली, भुलीच्या औषधाचा असर असेल, झोपू द्या. भावाने ऐकलं नाही. रक्तात जंतू पसरले होते. आयसीयूत ठेवावं लागलं. आता ठणठणीत आहे, पण ती रात्र गेली असती तर काय, हा विचार अजून येतो. म्हणून ताप नाही म्हणजे सगळं ठीक, असं म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत कृपा करून धरू नका.

निवांत
मी फॅमिली डॉक्टर आहे, युरोलॉजिस्ट नाही. कामठीच्या ताईंनी लिहिलं ते लाखमोलाचं आहे. वय झालेल्या, शुगर असलेल्या, स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचं शरीर कधी कधी ताप आणतच नाही, उलट अंग गार पडतं. म्हणून ताप सोडून तीन गोष्टी बघा. श्वास: छाती वरखाली होते ती पूर्ण एक मिनिट मोजा, २२ किंवा जास्त असेल तर सावध व्हा. बीपी: वरचा आकडा १०० किंवा त्याखाली आला असेल, तेही ज्यांचं एरवी १४० असतं अशा माणसाचं, तर निघा. आणि बोलणं: वार, घर, माणसं नीट ओळखतो का? या तिन्हींसाठी लागतं काय, तर घड्याळ आणि बीपीचं मशीन.

आणखी एक. दुखतं म्हणून घरात पडलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी परस्पर देऊ नका. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर ती किडनीला आणखी त्रास देते. ज्यांची रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनसाठी बंद केली होती त्यांनी ती परत कधी सुरू करायची हे लिहूनच घ्यावं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने सुरू केली तर रक्त जातं, आपल्या मनाने बंद ठेवली तर हृदयाला धोका. दोन्हीकडून पंचाईत.

इतवारी
पीसीएनएलवाल्यांसाठी लिहितो. माझ्या मोठ्या भावाचा खडा मोठा होता, म्हणून पाठीतून छिद्र पाडून काढला. चार-पाच दिवसांत घरी, लघवी स्वच्छ, सगळं उत्तम. आठवडा उलटून गेल्यावर दुकानात जाऊन बसायला लागला. किराणा ओळीत दुकान असलं की 'फक्त गल्ल्यावर बसतो' याला काही अर्थ नसतो. एक पोतं सरकवलं आणि तासाभरात लघवीत नुसतं लाल भडक रक्त, गाठीच गाठी, डोळ्यापुढे अंधारी.

किडनीतल्या एका छोट्या धमनीला जखम होऊन तिथे फुगा धरला होता, तो फुटला असं डॉक्टरांनी सांगितलं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार नेऊन ती धमनी आतून बंद केली. पोट कापावं लागलं नाही, किडनी वाचली.

सांगायचं हे की पीसीएनएलनंतरचा धोका पहिल्या दोन दिवसांत संपत नाही. साफ झालेली लघवी पुन्हा लाल भडक झाली तर ती स्टेंटची गुलाबी समजू नका.

वॉर्डातली ताई
अगदी बरोबर. हे उशिराचं रक्त साधारण पहिल्या तीन आठवड्यांत दिसतं. तोवर वजन उचलणं, पोतं, सिलिंडर, नातवाला कडेवर घेणं, सगळं बंद. जोर लावायला लागू नये म्हणून पोट साफ ठेवा.

पाठीच्या छिद्रातून लघवी झिरपून पट्टी ओली होणं नळी काढल्यावर एखाद-दोन दिवस चालतं. त्यानंतरही कपडे भिजत असतील तर कळवा, आत वाट कुठेतरी अडली असण्याची शक्यता असते. छिद्र बरगडीच्या वरून पाडलेलं असेल तर छातीभोवती पाणी साचू शकतं. दम लागला, श्वास घेताना खांद्यात-छातीत दुखलं तर 'ऑपरेशनमुळे अशक्तपणा आहे' म्हणून पडून राहू नका.

संत्रा बर्फी
माझी लिथोट्रिप्सी झाली होती, बाहेरून लहरी मारून खडा फोडतात ती. काप नाही, टाका नाही, त्याच दिवशी घरी. कमरेवर निळसर डाग आणि गुलाबी लघवी एवढंच. मी खूश. मग काही दिवसांनी तुकडे उतरायला लागले आणि एकामागून एक मूत्रनलिकेत अडकून बसले. सीताबर्डीच्या मेन रोडवर दिवाळीत गाड्या लागतात तशी रांग. कळ अशी की उभं राहवेना, बसवेना. एक्सरेत ती रांग स्पष्ट दिसली. शेवटी दुर्बिणीने काढावे लागले. लहरींचं ऑपरेशन सोपं म्हणून फॉलोअपचा एक्सरे टाळणारे खूप बघितले आहेत, त्यांच्यासाठी हे.

आणि हो, लघवी गाळून घ्या. चहाची जुनी गाळणी त्या कामाला वेगळी ठेवा. तुकडे मिळाले तर तपासायला देता येतात.

गोरेवाडा
चहाची गाळणी 'वेगळी' यावर अधोरेखित करा. आमच्याकडे पाहुणे येतात.

पानफुटी
एवढी ऑपरेशनं करण्यापेक्षा पानफुटीची दोन पानं रोज अनशापोटी आणि कुळथाचं कढण. आमच्या सावनेरकडे सगळे हेच करतात. बीअरने पण पडतो म्हणतात.

निवांत
खडा बारीक असेल तर तो पाण्याने, वेळेने आपोआप पडतो, आणि श्रेय जे चाललं होतं त्याला मिळतं. कुळथाचं कढण चवीला मलाही आवडतं. पण इथे विषय ऑपरेशन झालेल्या, आत नळी असलेल्या माणसाचा आहे. बीअर तर नकोच: आधी लघवी वाढते, मागाहून शरीर कोरडं पडतं, आणि गोळ्यांबरोबर चक्कर येते. पानफुटीच्या भरवशावर कोणी ताप अंगावर काढला तर ते महागात पडेल.

पानफुटी
ताप असताना थांबा असं मी म्हटलं नाही, डॉक्टरसाहेब. तेवढं मान्य.

वऱ्हाडी मन
स्टेंटबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. तो काढावा लागतो! आमच्या चुलत सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं, शेतीची कामं आली, सोयाबीन निघालं, पऱ्हाटी वेचायला आली, आणि स्टेंट राहून गेला. दवाखान्यातून कोणाचा फोन नाही, कार्ड कपाटात. वर्ष उलटून गेल्यावर लघवीत रक्त आणि जळजळ म्हणून नागपूरला आणलं, तर नळीवरच खडे जमलेले. वरच्या टोकाला मोठा गोळा. जी नळी पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी वरून आणि खालून अशी वेगवेगळी ऑपरेशनं झाली.

मानेवाडाकर, तुमच्या कार्डावर स्टेंट काढायची तारीख आहे का?

मानेवाडाकर
'फॉलोअप २ आठवडे' आहे. स्टेंटचा उल्लेख ऑपरेशन नोट्समध्ये, पण काढायची तारीख कुठेच नाही. उद्याच विचारतो.

वॉर्डातली ताई
विचारा आणि दोन जणांच्या मोबाइलमध्ये आठवण लावा. पेशंटच्या एकट्याच्या नको. साधारण काही आठवडे ठेवतात, नेहमीचे स्टेंट तीन महिन्यांच्या पुढे तर राहू नयेतच. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर स्टेंट काढायला येताना कोणते कागद लागतील हे सुट्टीच्या आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा. लोक खर्चाच्या भीतीने येत नाहीत, हे मी बघितलं आहे.

नवतपा
पाणी किती? आमच्या इथे एकाने बाबांना तासाला लिटर पाजलं, ते ओकले.

निवांत
पाण्यापेक्षा लघवी मोजा. दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हावी आणि रंग फिकट असावा. नागपूरच्या मे महिन्यात घामातच इतकं जातं की तेवढ्यासाठी तीन-साडेतीन लिटर किंवा जास्तही प्यावं लागेल, थोडं थोडं, रात्री झोपताना पण. गर्द पिवळी लघवी म्हणजे पाणी कमी, लालसर म्हणजे रक्त. बाटलीत धरून उजेडात बघितलं की फरक कळतो. ज्यांना हार्टचा त्रास आहे, पायावर सूज आहे किंवा किडनीच कमजोर आहे त्यांनी हे आकडे वापरू नयेत, आपल्या डॉक्टरांचे घ्यावेत.

संत्रा बर्फी
आणि आपल्या संत्र्याचं काय? नागपुरात राहून मुतखडा व्हावा हा अन्याय आहे.

निवांत
संत्र्यात, लिंबात सायट्रेट असतं, ते कॅल्शियमचे खडे जमायला आड येतं. लिंबूपाणी बिनसाखरेचं घ्या, मीठ कमी. शुगरवाल्यांनी संत्र्याचा रस गाळून पिण्यापेक्षा एखादं संत्रं खावं. पण अन्याय खरा आहे: आपला उन्हाळा आणि सावजीचं मीठ-तिखट मिळून संत्र्याला हरवतात.

मानेवाडाकर
अपडेट. ताप नाही. लघवी आता फिकी गुलाबी. पण काल रात्री वेगळंच झालं. बाबा लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारात चक्कर येऊन भिंतीला टेकले. आईने धरलं म्हणून पडले नाहीत. बीपी घेतलं तर बसून १३०, उभं राहिल्यावर १००. बाबा पूर्ण शुद्धीत, हात उबदार, श्वास मोजला, १६. दवाखान्यात रात्रीच फोन केला. त्यांनी रात्रीची टॅमसुलोसिन सुरू आहे का विचारलं आणि सकाळी आणायला सांगितलं. आज तपासलं. जंतुसंसर्ग नाही, गोळीचा परिणाम आणि जोडीला पाणी कमी पडलेलं.

वॉर्डातली ताई
छान सांभाळलंत, उभं राहिल्यावरचं बीपी घेणं तर फारच चांगलं केलंत. त्या गोळीने मूत्रनलिका सैल पडते, स्टेंटचा त्रास कमी होतो, पण अचानक उठलं की बीपी उतरतं. त्यात बीपीच्या गोळ्या चालू असल्या की आणखी. उठताना आधी दोन मिनिटं खाटेच्या काठावर पाय सोडून बसायचं. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू. सारखी लघवी लागते म्हणून खाटेजवळ युरिन पॉट ठेवा. या ऑपरेशननंतर पडून खुब्याचं हाड मोडलेले आजोबा मी बघितले आहेत, आणि त्यांचा खडा तर उत्तम निघाला होता.

मानेवाडाकर
पॉट आजच आणला. स्टेंटची तारीख पण मिळाली, कार्डावर सही-शिक्क्यानिशी लिहून घेतली. काढताना फार दुखतं का? बाबा आत्तापासूनच विचारून राहिले.

धरमपेठी
जेल लावून सुन्न करतात. दोनेक मिनिटं कसंतरी वाटलं, निघाल्यावर मी तिथेच हसलो. त्या दिवशी संध्याकाळी मात्र कमरेत कळ आली, दुसऱ्या दिवशी गेली.

वॉर्डातली ताई
ती कळ येऊ शकते, मूत्रनलिका सुजलेली असते. एक-दोन दिवस, गोळीने थांबणारी असेल तर ठीक. वाढत गेली किंवा थंडी वाजली तर तोच नियम, लगेच या.

काही जणांना स्टेंटला बारीक दोरा लावून तो बाहेर ठेवतात. तसं असेल तर तो ओढू नका, कापू नका, आंघोळीनंतर हलके टिपून घ्या. चुकून ओढला जाऊन नळी खाली सरकली तर लघवी सतत गळायला लागते. तेव्हा फोन करा, परत आत ढकलू नका.

निवांत
स्टेंट निघाल्यावर पेशंट गायब होतात, म्हणून लिहून ठेवतो. काही आठवड्यांनी एक सोनोग्राफी नक्की करा, दुखत नसलं तरी. दुर्बिणीच्या किंवा खड्याच्या घर्षणाने मूत्रनलिका कधी कधी आतून आकसते, आणि किडनी हळूहळू फुगत जाते. बऱ्याचदा अजिबात दुखत नाही. वेळेत दिसली तर उपाय आहेत, उशीर झाला तर किडनीचं काम जातं. सोबत क्रिएटिनिन आणि खड्याचा तपासणी रिपोर्ट घेऊन जा, पुढचा आहार त्यावर ठरतो.

मानेवाडाकर
खड्याचा रिपोर्ट आला आहे. कॅल्शियम ऑक्झलेट. आई विचारते, दूध बंद करायचं का?

निवांत
नाही, दूध-दही चालू द्या, जेवणासोबत. जेवणातलं कॅल्शियम हे ऑक्झलेटला (पालकात जास्त असतं ते) आतड्यातच धरून ठेवतं. पालक कमी, मीठ कमी. कॅल्शियमची गोळी मात्र विचारल्याशिवाय नको.

मानेवाडाकर
ठीक, दही सुरू. सोनोग्राफीची तारीख पण स्टेंटसोबतच मोबाइलमध्ये टाकली, माझ्या आणि आईच्या दोघांच्या.